माय ओ माय, मरिनर्स!

२०२५ साली लक्ष्मीपूजन आणि बेसबॉलच्या सेमीफायनलची गेम सेव्हन, म्हणजे सातवी, निर्णायक मॅच, एकाच संध्याकाळी आली. २० ऑक्टोबर, सोमवार. पहिला पिच पाच वाजून आठ मिनिटांनी आणि पूजा दिवेलागणीला म्हणजे सहाच्या पुढे, आता तुम्हीच सांगा बाईने काय करावं. मी चौरंग सरळ टीव्हीच्या खोलीत मांडला. नवरा म्हणाला अगं लक्ष्मीचं तोंड टीव्हीकडे होतंय, म्हटलं होऊ दे, आज तिनेच बघायची गरज आहे, आम्ही बघून बघून काही झालेलं नाहीये.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगते, मी सिअ‍ॅटल मरिनर्सची फॅन आहे. बेसबॉल. हो तोच, ज्याला आमचे दीर ‘गोऱ्यांचा विटीदांडू’ म्हणतात. मेजर लीगमध्ये ३० टीम आहेत, त्यातल्या २९ कधी ना कधी वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल, खेळून आल्यात, उरलेली एक म्हणजे आम्ही. जिंकणं सोडाच, १९७७ साली टीम सुरू झाली तेव्हापासून त्या मांडवात पाय सुद्धा पडलेला नाही. आणि त्या सोमवारी टोरंटोमध्ये फक्त एक मॅच जिंकायची होती. नऊपैकी सातव्या इनिंगपर्यंत ३-१ ने पुढे होतो. हुलिओ रॉड्रिगेझचा होमरन (आपला सिक्सर समजा) झाला, कॅल रॅलीचा झाला, तो नेमका आरती चालू असताना झाला आणि मुलगी अशी किंचाळली की आमचं कुठलं कडवं गळलं ते अजून कोणाला सांगता येत नाहीये.

आणि मग टोरंटोचे दोघं बेसवर, म्हणजे धाव पूर्ण करायच्या वाटेवरच्या थांब्यांवर, असताना जॉर्ज स्प्रिंगर बॅटिंगला आला आणि बॉल डाव्या बाजूच्या भिंतीपलीकडे. ३-१ चं ३-४. वर्ल्ड सिरीजला आठ आउट बाकी होते हो. आठ! (क्लोजर, म्हणजे शेवटी आणायचा खास बॉलर, आधी आणायला हवा होता की नाही यावर आमच्या घरात आजही जेवताना भांडण होतं, तो विषय इथे नको.) मुलीने हातातली अर्धी खाल्लेली करंजी ताटात परत ठेवली. एरवी मी उष्ट्यावरून घर डोक्यावर घेतलं असतं, त्या दिवशी बघत बसले.

तेवढ्यात अमरावतीहून बाबांचा व्हिडिओ कॉल. तिकडे मंगळवारची सकाळ, त्यांचं लक्ष्मीपूजन अजून व्हायचं होतं.

“काय गं, सणाच्या दिवशी तोंड का असं?”

“हरतोय बाबा.”

“कोण?”

“आपण.”

“आज कुठं आहे इंडियाची मॅच?”

“मरिनर्स हो बाबा.”

“हां हां ते. मग तुझा तो चोरटी धाववाला कुठंय? त्याला पाठवा की.”

चोरटी धाववाला म्हणजे इचिरो. इचिरो सुझुकी, नंबर ५१, राइट फील्ड. त्याला रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, दोन दिवसांनी ५२ वर्षांचा होणार होता, पण बाबांच्या लेखी बेसबॉल म्हणजे अजूनही तो एकटाच, आणि खरं सांगू का, माझ्याही लेखी बरंचसं तसंच आहे.

मी इथे आले २००४ च्या जूनमध्ये. एच-फोर व्हिसा, म्हणजे नोकरी करायची नाही, गाडी चालवता येत नव्हती, नवरा सकाळी आठला जायचा तो संध्याकाळी सातला यायचा. अपार्टमेंटमध्ये आधीच्या भाडेकरूने एक रेडिओ सोडून दिला होता. मराठी माणूस घरात शिरल्यावर सोडून दिलेली वस्तू टाकून देत नाही, मी तो ओट्यावर ठेवला आणि लावला. एक म्हातारा माणूस कसल्यातरी खेळाची कॉमेंट्री करत होता, एक शब्द कळत नव्हता, मी पोळ्या लाटत होते आणि अचानक तो माणूस गळा फाडून ओरडला, “माय ओ माय!”

लाटणं हातात तसंच राहिलं. अहो आमच्याकडे वऱ्हाडात बाया अश्शाच ओरडतात. साप दिसला की “माय वं माय”, सोन्याचा भाव ऐकला की “माय वं माय”. साडेसात हजार मैलांवर हा कोण आमच्या गावचा माणूस रेडिओत बसलाय?

तो डेव्ह नीहाउस. मरिनर्सच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे १९७७ पासून २०१० पर्यंत त्यांची कॉमेंट्री करणारा. ‘माय ओ माय’ ही त्याची जगप्रसिद्ध आरोळी आहे आणि त्याचा माझ्या माहेराशी काहीही संबंध नाही हे मला नंतर कळलं, पण तोवर फार उशीर झाला होता. बेस भरलेले असताना होमरन झाला की तो आजीला राय ब्रेड आणि मस्टर्ड काढायला सांगायचा, कारण ‘ग्रँड सलामी’ची वेळ झाली (अशा होमरनला ‘ग्रँड स्लॅम’ म्हणतात, त्यावरून). मला वाटलं कोणीतरी कोणाला मानवंदना देतंय. सलामी हा खायचा पदार्थ असतो हे शाकाहारी बाईला कोण सांगणार.

बाबांना मी फोनवर सांगितलं की मला इथे बाळ ज. पंडित सापडलेत. बाबांचं अख्खं तरुणपण पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकण्यात गेलंय, त्यांना एवढं वाक्य पुरलं.

खेळ कळायला मात्र सगळा सीझन गेला, कारण क्रिकेट आधीच डोक्यात बसलेलं. क्रिकेटमध्ये स्ट्राइकवर असणं म्हणजे बॅटिंग करणं, इथे स्ट्राइक म्हणजे चुकलास. पिच म्हणजे खेळपट्टी नाही, पिच म्हणजे बॉल टाकणं. आणि बॉल म्हणजे... वाईड बॉल! त्यात सगळेच्या सगळे फुलटॉस. पहिल्यांदा टीव्हीवर बघितलं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं अरे हे सगळे फुलटॉस आहेत आणि यांना मारता येत नाहीयेत? तो म्हणाला ताशी दीडशे किलोमीटरचा फुलटॉस गोल दांडक्याने मारून दाखव. ठीक आहे, मुद्दा मान्य.

त्याच टीव्हीवर पहिल्यांदा इचिरो दिसला. बाकीचे खेळाडू कसे, दाढ्या वाढलेल्या, तोंडात काहीतरी चघळतायत, थुंकतायत. आणि हा बारीक चणीचा माणूस येतो, गुडघे वाकवून अंग मोकळं करतो, उजव्या हातात बॅट सरळ उभी धरून पिचरकडे रोखतो आणि डाव्या हाताने उजव्या खांद्याजवळची बाही चिमटीत धरून हलकेच वर ओढतो. दर वेळी. एकदाही चुकत नाही. संध्येला बसलेल्या माणसाचं आचमन असतं ना तसं. मग बॅट मागे जाते. आणि तो बॉल मारतो म्हणजे काय करतो, तर मारता मारताच पळायला लागतो. डावखुरा बॅटर असल्यामुळे फर्स्ट बेसच्या एक-दोन पावलं जवळ असतोच, त्यात अंग आधीच तिकडे झुकलेलं. बॉल टप्पा खात शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या फील्डरकडे, जातोय, दुसरा कोणीही असता तर आउट, शॉर्टस्टॉपने उचलून फेकेपर्यंत चार सेकंदांच्या आत हा फर्स्ट बेसवर उभा आणि हेल्मेट नीट करतोय.

मी बाबांना हे वर्णन करून सांगितलं तर ते म्हणाले, म्हणजे चोरटी धाव. बस्स. तेव्हापासून नाव पडलं.

मग त्यांनी विचारलं अ‍ॅव्हरेज किती. मी मोठ्या अभिमानाने म्हटलं ३७२. पलीकडे शांतता. “ब्रॅडमनचं नव्याण्णव होतं गं.” मग समजावलं की ते पॉइंट ३७२ असतं, म्हणजे हजार वेळा आला तर ३७२ वेळा हिट, बॉल मारून बेस गाठला. ते मनातल्या मनात हिशोब करत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे दहातून सहा वेळा आउट होतो, आणि तू त्याचा फोटो फ्रिजवर लावलास?”

हो लावला. आणि त्या वर्षी तर लावायलाच हवा होता, कारण २००४ मध्ये तो एका सीझनमधल्या सर्वांत जास्त हिट्सच्या मागे लागला होता. रेकॉर्ड जॉर्ज सिस्लरचं, २५७ हिट्स, १९२० सालचं. १९२०! टिळक गेले ते साल. चौऱ्याऐंशी वर्षं कोणी हात लावला नव्हता. राइट फील्डच्या प्रेक्षकांत एक बाई मोठा बोर्ड घेऊन बसायची, ‘इची-मीटर’, त्यावर हिट्सचा आकडा, प्रत्येक हिटला ती आकडा बदलायची आणि टीव्हीवाले तिला दाखवायचे. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर माझं मीटर ठेवलं होतं, दुधाच्या हिशोबासारखं.

१ ऑक्टोबरला शुक्रवार होता. नवऱ्याच्या ऑफिसातल्या ग्रुपला तिकिटं मिळाली होती, सगळ्यांत वरच्या मजल्यावरची, जिथून खेळाडू मुंगीएवढे दिसतात. टीमची अवस्था सांगते, डिव्हिजनमध्ये शेवटचा नंबर, सीझन संपला तेव्हा ६३ जिंकलेल्या आणि ९९ हरलेल्या. आणि स्टेडियम भरलेलं. शेवटच्या नंबरवरच्या टीमला बघायला एवढी माणसं का आली असतील हे त्या दिवशी समजावून सांगायची गरज नव्हती. पहिल्याच इनिंगला त्याने बॉल असा जमिनीवर आपटला की तो उसळून थर्ड बेसवाल्याच्या डोक्यावरून गेला, २५७, बरोबरी. तिसऱ्या इनिंगला मधून सरळ सिंगल, म्हणजे एकाच बेसची हिट. २५८. आभाळात फटाके, आणि अख्खी टीम पळत फर्स्ट बेसवर जाऊन त्याला गराडा घालून उभी. थर्ड नाही, होम नाही, फर्स्ट बेसवर! एका सिंगलसाठी! मग तो कुंपणाजवळ गेला. तिथे सिस्लरची म्हातारी मुलगी बसली होती, तिच्या वडिलांचं रेकॉर्ड मोडलेलं बघायला मुद्दाम आलेली, आणि याने जाऊन वाकून तिचा हात हातात घेतला. माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी गोऱ्या आजोबांनी मला मिठी मारली, मी पण मारली, अमरावतीला सांगितलं नाही.

त्या सीझनला शेवटी २६२ झाले. आजही ते रेकॉर्ड त्याचंच आहे. काही लोक म्हणतात सिस्लरच्या काळी १५४ मॅच असायच्या आणि आता १६२, बरोबर आहे, पण सिस्लरला रात्रीच्या मॅच आणि अर्ध्या अमेरिकेवरून विमानप्रवास करावा लागत नव्हता हे पण लिहा की मग.

२००१ मी बघितलं नाही याची मला आयुष्यभर चुटपुट राहणार आहे. तो जपानहून आला तेच वर्ष. तिकडे ओरिक्स ब्लूवेव्हकडून सलग सात वर्षं बॅटिंगचा किताब घेऊन आलेला, तरी इकडचे पंडित म्हणत होते की एवढासा माणूस इथल्या पिचर्ससमोर टिकणार नाही. त्याच वर्षी रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवा खेळाडू) आणि एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) दोन्ही त्यालाच, आणि टीम ११६ मॅच जिंकली. एवढ्या मॅच त्याआधी फक्त एकदा, १९०६ साली शिकागो कब्जने जिंकल्या होत्या. आणि ११६ जिंकूनही आम्ही वर्ल्ड सिरीजला गेलो नाही, न्यूयॉर्कच्या यँकीजनी आधीच्या फेरीतच अडवलं. मरिनर्स म्हणजे काय हे कोणाला एका वाक्यात सांगायचं असेल तर मी हेच सांगते.

२००१ ते २०१०, सलग दहा वर्षं दोनशेच्या वर हिट्स. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात की कित्येक वर्षं घरच्या मॅचच्या दिवशी तो बायकोच्या हातचा करी-राइस खाऊनच निघायचा, रोज तेच. हे मी नवऱ्याला पुन्हा पुन्हा ऐकवलंय, विशेषतः तो ‘आज पण वरणभात?’ म्हणतो तेव्हा.

मला होमरनचं फार कौतुक नाही, हे इथेच कबूल करते. होमरन म्हणजे लग्नातली जिलेबी, छान असते, पण रोजचं जेवण ते नाही. द्रविड आवडणाऱ्या लोकांना मी काय म्हणतेय ते कळेल, बाकीच्यांनी पुढे चला.

२३ जुलै २०१२. यँकीज सिअ‍ॅटलला आले होते. मुलगी सहा वर्षांची, तिची पहिली मॅच, आठवडाभर आधी तिकिटं काढलेली, राइट फील्डची, म्हणजे इचिरो अगदी समोर, त्या भागाला लोक ‘एरिया ५१’ म्हणायचे. तिला छोटा ५१ नंबरचा टी-शर्ट आणलेला. दुपारी मी तिची वेणी घालत होते आणि नवऱ्याचा फोन, म्हणाला टीव्ही लाव. इचिरोला ट्रेड केलं. कोणाला? यँकीजला! त्यानेच मागितलं होतं म्हणे, टीम नव्याने बांधतायत, तरुण पोरांना जागा मिळावी म्हणून. कारण पटण्यासारखं होतं आणि मला अजिबात पटलं नाही. मी वेणी अर्धी सोडून सोफ्यावर बसले, आणि पोरगी विचारतेय आई दुसरी वेणी?

गेलो तरी. तिसऱ्या इनिंगला तो बॅटिंगला आला. दुसऱ्या टीमच्या डगआउटमधून आला, करडे कपडे, पाठीवर ३१. मुलगी मोठ्याने म्हणाली, “आई, तो चुकीचे कपडे घालून आलाय.” पुढच्या रांगेतले सगळे हसले आणि मग कोणीच हसलं नाही. अख्खं स्टेडियम उभं राहिलं. त्याने हेल्मेट काढलं आणि वाकून नमस्कार केला, एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. मग हेल्मेट घातलं, बॅट रोखली, बाही ओढली. आणि सिंगल मारली! आमच्याच पिचरला! वर सेकंड बेस पण चोरला! मी टाळ्या वाजवत होते आणि रडत होते आणि आपण नेमके कोणाच्या बाजूने आहोत हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि अजूनही सांगता येणार नाही.

मध्ये तो मायामीला पण खेळला, ३००० वी हिट तिकडेच असताना झाली, ती मी फोनवर बघितली, बँकेच्या रांगेत. मग २०१८ ला परत आमच्याकडे. २१ मार्च २०१९, टोकियो डोम, त्याची शेवटची मॅच, आमच्याकडे पहाटे अडीचला. मी गजर लावून उठले. १९९२ च्या वर्ल्ड कपला बाबा मला असेच पहाटे उठवायचे, तसंच स्वेटर, तसाच चहा, आवाज बारीक, म्हणजे घरातले उठणार नाहीत. चार वेळा आला, एकदाही हिट नाही. ४५ वर्षांचा होता. शेवटच्या वेळी शॉर्टस्टॉपकडे बॉल मारला आणि पळाला, तीच ती जुनी धाव, आणि या वेळी थ्रो आधी पोचला. अगदी थोडक्यात. मला ते थोडक्यातलंच फार लागलं. आठव्या इनिंगला तो राइट फील्डमध्ये जाऊन उभा राहिला आणि मग त्याला बाहेर बोलावलं, तो एकेकाला मिठी मारत निघाला. डगआउटमध्ये किकुची, ज्याची ती पहिलीच मेजर लीग मॅच होती, लहान पोरासारखा रडत होता. इकडे मी.

२०२५ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. ३९४ पैकी ३९३ मतं. एका माणसाने दिलं नाही! कोण तो ते बाहेर आलेलं नाही. इचिरोने आधी म्हटलं होतं की त्या माणसाला घरी जेवायला बोलावीन, मग जुलैत भाषणात म्हणाला की ती ऑफर आता संपली. इंग्रजीत पूर्ण भाषण केलं, लोकांना हसवून हसवून. ऑगस्टमध्ये स्टेडियमवर ५१ नंबर रिटायर केला, म्हणजे आता तो दुसऱ्या कोणाला देणार नाहीत, तेव्हा आम्ही तिघंही होतो, मुलीने तो सहा वर्षांची असतानाचा टी-शर्ट पर्समध्ये घालून आणला होता, मला न सांगता.

तिचा हिरो आता वेगळा आहे. कॅल रॅली, २०२५ च्या सीझनला ६० होमरन, कॅचर असून! म्हणजे यष्टिरक्षण करून करून गुडघे दुखत असताना. त्याचं टोपणनाव ‘बिग डंपर’ आहे, का आहे ते मी बाबांना सांगितलेलं नाही. आणि ती स्टेडियमवर भाजलेले नाकतोडे खाते, हो नाकतोडे, मेक्सिकन पद्धतीचे, तिखट-लिंबू लावलेले. एका मॅचला ३१२ च प्लेट विकायच्या असा नियम ठेवला होता, कारण आमच्या जुन्या बॅटरचं, एडगर मार्टिनेझचं, करिअरचं अ‍ॅव्हरेज पॉइंट ३१२. या टीमचे लोक असे आहेत. वर्ल्ड सिरीज नाही पण नाकतोड्यांना सुद्धा आकडेवारी आहे.

तर त्या दिवशीचा कॉल. टीव्हीवर शेवटची इनिंग, हुलिओ स्ट्राइकआउट, संपलं. ४-३. पणत्यांतलं तेल संपत आलेलं. बाबा अजून फोनवरच होते, मी त्यांना टेकवून ठेवलं होतं फराळाच्या डब्याला.

“हरले?”

“हरले.”

“बरं. तो चोरटी धाववाला काय करतो मग आता?”

म्हटलं येतो ना स्टेडियमवर. मॅचच्या आधी पूर्ण युनिफॉर्म घालून येतो, पोरांबरोबर बॉल फेकतो, पळतो, स्ट्रेचिंग करतो, सगळं.

“पण खेळत नाही?”

“नाही.”

“मग येतो कशाला?”

“तुम्हाला रिटायर होऊन बावीस वर्षं झाली बाबा, रोज सकाळी फिरायला ऑफिसच्याच रस्त्याने का जाता?”

बाबा काही बोलले नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“जावयाला दे फोन.”